एमसीबी तार वाचवते, माणसाचं काय?

दरवर्षी ४ मार्चला छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. कंपनीच्या गेटवर फलक लागतात, पहिल्या पाळीला शपथ होते, घोषवाक्यांच्या आणि पोस्टरच्या स्पर्धा होतात. यामागे कायद्याचं पाठबळही आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात यंत्राच्या फिरत्या भागांना आडोसा हवा असं कलम २१ सांगत होतं, आणि कण-ठिणग्या उडणाऱ्या कामात डोळ्यांना संरक्षण हवं असं कलम ३५ सांगत होतं. त्यामुळे कंपनीत गॉगल न लावता ग्राइंडर उचललं, तर सुपरवायझर लगेच हटकतो.

तोच कामगार सुटीच्या दिवशी बजाजनगरला किंवा सिडकोत आपल्या गच्चीवर कूलरचा स्टँड कापायला बसतो, तेव्हा चित्र वेगळं असतं. ग्राइंडर कोणाकडून तरी मागून आणलेलं, त्याचं गार्ड कधीच काढून टाकलेलं. पायात स्लिपर. करंट घेतलाय खालच्या खोलीतल्या बोर्डातून, आणि जिन्यावरून वर आलेल्या एक्स्टेंशनला मध्येच काळी टेप गुंडाळलेला जोड. हा माणूस अडाणी नाही. कंपनीत तो हे सगळं नीट शिकलेला आहे. पण घरात हटकणारं कोणी नसतं, आणि घरच्या विजेबद्दल त्याला सहसा कोणी काही शिकवलेलंही नसतं. घरच्या विजेबद्दलची सर्वांत मोठी गैरसमजूत म्हणजे, ‘आपल्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर पडेल.’ या लेखाचा बराचसा भाग मी त्या एका समजुतीसाठीच ठेवला आहे, कारण तिच्या भरवशावर राहून माणसं दगावतात.

सुरुवात एक्स्टेंशनपासून करू. एक्स्टेंशन घेताना आपण बोर्डाला किती सॉकेट आहेत ते पाहतो, रंग पाहतो, लाल दिवा लागतो का ते पाहतो. पाहायची असते ती तार. बाजारातल्या स्वस्त बोर्डांना पुष्कळदा ०.७५ चौरस मिलिमीटरची तार असते, काहींना त्याहूनही बारीक. ०.७५ ची तांब्याची तार सुमारे ६ अँपिअरसाठी ठीक आहे. मोबाइल, टीव्ही, पंखा, ड्रिल मशीन एवढं तिला झेपतं. गिझर, इंडक्शन शेगडी, मोठी मोटर, मार्बल कटर यांचं ते काम नाही.

का नाही, ते आकड्यांत पाहू. ०.७५ च्या तांब्याच्या तारेचा रोध हजार मीटरला साधारण २६ ओहम असतो. २० मीटरच्या एक्स्टेंशनमध्ये वीज २० मीटर जाते आणि २० मीटर परत येते, म्हणजे एकूण ४० मीटर तार. तिचा रोध जवळजवळ १ ओहम. तिच्यावर ४०० वॅटचं ड्रिल चालवलं तर प्रवाह पावणेदोन अँपिअर आणि तारेत तयार होणारी उष्णता अवघी ३ वॅट. त्याच तारेवर २००० वॅटचं काही लावलं तर प्रवाह पावणेनऊ अँपिअरच्या घरात जातो. भार पाचपट झाला, पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती होते पंचवीसपट, सुमारे ७५ वॅट. तार जमिनीवर मोकळी पसरलेली असेल तर ही उष्णता २० मीटरभर विखुरते आणि तार नुसती कोमट लागते. पण तीच तार रिळावर गुंडाळलेली असेल, पलंगाखाली वेटोळं करून टाकलेली असेल किंवा सतरंजीखालून नेलेली असेल, तर ते ७५ वॅट वीतभर जागेत साचतात. म्हणून रिळाची एक्स्टेंशन वापरताना पूर्ण उलगडायची. चांगल्या रिळावर गुंडाळलेल्या आणि उलगडलेल्या अवस्थेतले दोन वेगळे वॅट छापलेले असतात. ते वाचावेत.

आता यात आपला उन्हाळा मिळवा. तारेवरचं साधं पीव्हीसीचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकावं अशा बेताने बनवलेलं असतं. डिसेंबरात हवा २५ अंशांवर असताना तारेला तापायला ४५ अंशांची मोकळीक असते. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की उरतात २८, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याहूनही कमी. थंडीत जी एक्स्टेंशन गिझरचा भार कशीबशी सोसते, तीच उन्हाळ्यात कूलर, मोटर आणि इस्त्री एकदम लावल्यावर मऊ पडते. वास येतो, पिना काळवंडतात, बोर्डाचं प्लॅस्टिक पिवळं पडतं. टॉप, म्हणजे प्लग, हाताला चटका देत असेल, तर तो बोर्ड त्याच दिवशी काढून टाकायचा.

आणि इथे पहिल्यांदा एमसीबीचा प्रश्न येतो. तार तापते आहे, मग एमसीबी का पडत नाही? कारण ती भिंतीतल्या जाड तारेच्या हिशेबाने बसवलेली असते. १६ अँपिअरची एमसीबी १८ अँपिअरपर्यंतचा प्रवाह तासभर तरी बिनतक्रार जाऊ देते. ते तिच्या मानकातच ठरलेलं आहे. २३ अँपिअर झाल्यावर ती तासाच्या आत पडेल, एवढीच हमी असते. म्हणजे ६ अँपिअरच्या तारेतून तिप्पट प्रवाह वाहत असला, तरी एमसीबीच्या लेखी सगळं ठीक असतं. इंग्लंडमध्ये १९४७ साली जो प्लग ठरला, त्याच्या आतच फ्यूज बसवलेला असतो, त्यामुळे बारीक तारेला तिच्या मापाचा राखणदार मिळतो. आपल्या प्लगमध्ये तशी सोय नाही. बारीक तारेला आपल्याकडे राखणदारच नाही. तो आपणच व्हायचं.

त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे. घरात एक चांगली एक्स्टेंशन असावी: तीन कोअरची, दीडची तांब्याची तार, १६ अँपिअरचा थ्री पिन टॉप आणि लांबी गरजेपुरतीच. दुकानात ‘दीडची’ म्हटलं की कळतं. तयार बोर्डात अशी तार मिळाली नाही, तर आयएसआय चिन्हाची तार मीटरवर घेऊन वायरमनकडून बोर्ड बांधून घ्यावा. आयएसआय चिन्हाजवळ परवाना क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तो टाकला की परवाना खरा आहे का, कोणाचा आहे, हे दिसतं. एका एक्स्टेंशनमध्ये दुसरी खोवू नये. टेपचा जोड तर ग्राइंडर, कटर, मोटर यांच्या तारेवर अजिबात नको. जोडाची जागा तार ओढली की सैल होते, सैल जागा तापते, आणि पाणी शिरायलाही तीच जागा सापडते.

घरातला एखादा जुना थ्री पिन टॉप बोर्डातून काढून, स्क्रू सोडवून आतून पाहावा. बघण्यासारखं पुष्कळ असतं. पितळी स्क्रूखाली तारेचे केसासारखे बारीक धागे असतात. त्यातले चार-पाच बाहेर निसटून शेजारच्या पिनेकडे झुकलेले असतील, तर शॉर्ट व्हायला तेवढे पुरतात. लाल किंवा तपकिरी तार फेजची, काळी किंवा निळी न्यूट्रलची, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थची. हिरवी तार आत थोडी जास्त लांब ठेवलेली असावी, म्हणजे कोणी तार हिसकली तरी ती सर्वांत शेवटी तुटेल. तार जिथून आत शिरते तिथे पकडपट्टी असते. तिचे स्क्रू आवळलेले असावेत, म्हणजे ओढ धाग्यांवर येत नाही. अनेक टॉपमध्ये मोठ्या पिनेला तारच जोडलेली नसते, कारण आलेली वायरच दोन कोअरची असते. बाहेरून तीन पिना दिसतात, आणि आत तिसरी नुसती शोभेला.

ती तिसरी पिन लांब आणि जाड असते यालाही कारण आहे. टॉप खोवताना ती आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते, म्हणजे उपकरणात वीज असेपर्यंत अर्थ जोडलेला राहतो. कूलरची आतली तार पत्र्याला टेकली, तर वीज माणसातून जाण्याऐवजी या वाटेने जमिनीत जावी आणि जाताना इतका मोठा प्रवाह व्हावा की एमसीबी पडावी, अशी ही योजना. दर उन्हाळ्यात मराठवाड्यात आणि विदर्भात कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात. थ्री पिनच वापरा, पाणी भरण्याआधी टॉप काढा, अशी आवाहनं महावितरण वारंवार करतं. ती बरोबरच आहेत. पण आपल्या भागात एवढ्याने भागत नाही, आणि त्याचं कारण आपल्या पायाखाली आहे.

छत्रपती संभाजीनगर दख्खनच्या बसाल्टवर बसलेलं शहर. वरती काळी माती किंवा मुरूम, खाली लगेच काळा खडक. अर्थिंगचा खड्डा खणून त्यात पत्रा, कोळसा आणि मीठ भरतात ते ओलावा टिकावा म्हणून, कारण कोरडी माती आणि खडक वीज नीट वाहून नेत नाहीत. घर बांधताना केलेल्या खड्ड्यात नंतर वर्षानुवर्षं कोणी बादलीभर पाणीही घालत नाही. जिथे प्यायच्या पाण्याचीच वाट पाहावी लागते, तिथे खड्ड्याला पाणी कोण देणार! एप्रिल-मेमध्ये तो पार कोरडा पडतो, आणि कूलर चालतो तो नेमका त्याच दिवसांत.

समजा अशा सुकलेल्या खड्ड्याचा रोध २० ओहम झाला. कूलरच्या पत्र्यावर फेज उतरला, तर अर्थच्या वाटेने जाईल तो प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा रोजचाच भार वाटतो. ती पडत नाही. कूलर चालू, हवा गार, आणि पत्र्यावर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट तसेच उभे. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणी झाकण उघडलं की वीज त्याच्यातून जाते. तेव्हाही एमसीबी पडत नाही, कारण माणसातून जाणारा प्रवाह तिच्या हिशेबात धरण्याजोगा नसतोच. वायरमन फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब लावून ‘अर्थिंग चांगलं आहे’ म्हणतो, त्यावर विसंबू नये. १०० वॅटच्या बल्बला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो. तो २० ओहमच्या वाटेनेही झकास पेटतो. आणि अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थ जोडून देणारा वायरमन असेल, तर त्याला तिथेच थांबवावं. कुठे न्यूट्रल तुटला, तर घरातल्या प्रत्येक धातूच्या उपकरणाच्या अंगावर फेज येतो.

माणूस मरायला किती प्रवाह लागतो? अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डाल्झील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं होतं, की किती प्रवाहापर्यंत माणूस हातातली तार स्वतः सोडू शकतो. पुरुषांची सरासरी आली १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. त्याहून थोडा अधिक प्रवाह काही काळ छातीतून गेला की हृदयाची लय बिघडू शकते. ९ वॅटचा एलईडी बल्बही या १६ मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह घेतो. हेच डाल्झील पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा यंत्राकडे वळले, जे इतकी बारीक गळती ओळखून वीज तोडेल.

आपल्याकडे ते आरसीसीबी या नावाने मिळतं. त्याचं काम समजायला सोपं आहे. फेजने जितका प्रवाह बाहेर गेला, तितकाच न्यूट्रलने परत यायला हवा. त्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी भलत्या वाटेने, बहुधा कोणाच्या तरी अंगातून, जमिनीत चालली आहे. आरसीसीबी सेकंदाच्या एका अंशात पडते. सुकलेल्या खड्ड्याचा रोध शंभर ओहम झाला तरी तिचं काही अडत नाही. एमसीबी तार वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते, आणि घरात दोन्ही लागतात. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्यावी. १०० किंवा ३०० ची मिळते ती आगीपासून बचावासाठी, माणसासाठी नव्हे. तिलाही मर्यादा आहे: एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर तिला फरक दिसत नाही, ती पडत नाही.

या यंत्राचं खरं दुर्दैव वेगळंच आहे. पुष्कळ घरांत ती बसवलेली असते आणि वायरमनने तारा थेट जोडून तिला बाजूला टाकलेलं असतं. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘सारखी पडायची.’ बहुतेक वेळा दोष इन्व्हर्टरच्या जोडणीत असतो. इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या न्यूट्रलमध्ये मिसळला, की जाणारा आणि येणारा प्रवाह जुळत नाही आणि ती पडते. चूक तिची नसते. इन्व्हर्टरच्या वाटेचा न्यूट्रल वेगळा करून घेतला की काम होतं. हे थोडं जिकिरीचं आहे, तासा-दोन तासांचं. पण ते टाळून यंत्र बाद करणं म्हणजे घरातला जीव वाचवणारा एकमेव भाग काढून टाकणं. तिच्यावर ‘टी’ असं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबावं. वीज गेली तर यंत्र जिवंत आहे. भाड्याच्या घरात मुख्य बोर्डाला हात लावता येत नसेल, तर एक्स्टेंशनच्या बोर्डातच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेता येते. ग्राइंडर, कूलर आणि मोटर मग त्याच बोर्डावर चालवावेत.

मोटरचं वेगळं सांगायला हवं. पैठणच्या जायकवाडीतून शहराला पाणी येतं, आणि कित्येक वसाहतींत ते काही दिवसांच्या अंतराने येतं. नळाला पाणी आलं की घरात धांदल उडते. हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर लागते. हॉलमधून एक्स्टेंशन ओढली जाते, उंबऱ्यावरून, ओल्या ओट्यावरून, कधी थेट साचलेल्या पाण्यातून. (थेट नळालाच मोटर जोडण्याला महापालिकेची मनाई आहे, ते वेगळं.) रात्रीची वेळ, झोप डोळ्यांवर, हात ओले. मोटर रोजच्या वापरातली असेल तर तिच्यासाठी एक्स्टेंशन हा मार्गच नव्हे. भिंतीवर कमरेच्या उंचीला झाकणाचा पॉवर पॉइंट काढून घ्यावा, वेगळी अर्थ घ्यावी आणि स्विच अशा ठिकाणी असावा जिथे ओल्या फरशीवर पाय न ठेवता पोहोचता येईल.

आता हत्यारं. ड्रिलला दोनच पिनांचा टॉप पाहून लोक घाबरतात, ते गरजेचं नाही. त्याच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह असेल, तर आतलं आवरण दुहेरी आहे आणि त्याला अर्थ लागत नाही. पण जुन्या बाजारातून घेतलेलं धातूच्या अंगाचं ड्रिल असेल, तर तीन कोअरची तार आणि थ्री पिन हवीच. भिंतीला भोक पाडताना स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली पाडू नये; आतली पाइप सहसा त्याच रेषेत उभी गेलेली असते. ड्रिल चालवताना हातमोजे नकोत, ओढणी आणि सैल बाह्या नकोत. फिरती बिट कापड पकडते आणि मग हात ओढून नेते. चकची किल्ली काढल्याशिवाय टॉप लावू नये.

ग्राइंडरला मात्र मी खरोखर घाबरतो. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेतं. १०० मिलिमीटरच्या व्हीलच्या कडेचा वेग यातून निघतो ताशी २०० किलोमीटरहून थोडा जास्त. व्हीलचा तुकडा उडाला तर तो या वेगाने उडतो. व्हीलवर कमाल फेरे छापलेले असतात: १०० मिलिमीटरच्या व्हीलवर साधारण १५,३००, तर १८० मिलिमीटरच्या, म्हणजे ७ इंची व्हीलवर साधारण ८,५००. जास्त खोल कापता यावं म्हणून गार्ड काढून छोट्या मशीनवर मोठं व्हील चढवलं जातं, तेव्हा ८,५०० फेऱ्यांसाठी बनलेलं व्हील ११ हजारांनी फिरतं. ते फुटणारच, फक्त कधी ते ठरलेलं नसतं. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरवर लावणं त्याहून वाईट. दाता अडकला की मशीन मागे उसळतं, आणि मागे माणसाची मांडी, हात किंवा गळा असतो. व्हीलच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, तेही पाहावं. जुनं, ओल लागलेलं, पडून आपटलेलं व्हील टाकून द्यावं. गॉगल, पायात बंद बूट, दोन्ही हात मशीनवर, आणि शरीर व्हीलच्या रेषेच्या बाजूला. ठिणग्या कुठे जातात तेही बघावं. कूलरचं वाळकं गवत शेजारीच ठेवलेलं असतं.

वीज मध्येच गेली तर ग्राइंडरचा सरकता स्विच चालूच राहतो. माणूस मशीन खाली ठेवून चहा प्यायला जातो, वीज येते आणि मशीन जमिनीवर आपोआप धावू लागतं. लाइट गेली की आधी टॉप काढायचा. व्हील बदलतानाही तेच. मार्बल कटरवर टाइल कापताना धूळ बसावी म्हणून पाणी सोडतात, तिथे आरसीसीबीशिवाय काम करू नये, आणि एक्स्टेंशनचा बोर्ड पाण्यापासून दूर, उंचावर ठेवावा.

एवढं करूनही कोणाला करंट लागलाच, तर त्याला धरून ओढायला धावू नये, ओढणाराही चिकटतो. आधी मेन स्विच बंद करावा. तो हाताशी नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने तार दूर करावी. माणूस हालत नसेल, श्वास नीट नसेल, तर १०८ ला फोन लावून छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी दाब द्यायला लागावं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. आणि माणूस उठून बसला, ‘काही झालं नाही’ म्हणाला, तरी घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यावा. कातडीवर छोटासा डाग दिसला, तरी आतले स्नायू भाजलेले असू शकतात आणि हृदयाची लयही बिघडलेली असू शकते. सोबत तिथे हजर असलेल्या माणसाने जावं. वीज कुठून शिरली, कुठून बाहेर पडली, किती वेळ चिकटला होता, शुद्ध गेली होती का, हे डॉक्टरांना कळायला हवं, आणि ते सांगू शकतो तो ज्याने पाहिलं तोच.